अकरा नंबरचा आकडा

आधी चूक सांगतो, मग बाकीचं. गॅसवर चालणाऱ्या सरकारी वीजघरात काम करत असताना एका दुपारी मी लॉगशीटमध्ये, म्हणजे तासातासाच्या नोंदींच्या तक्त्यात, एक आकडा न बघता लिहिला. एक कशाला, दर तासाला पंधरा लिहिले. त्यातले चौदा खऱ्याच्या आसपास होते. अकराव्या नंबरचा मात्र साफ खोटा होता. त्यामुळे एक मोठं यंत्र पाच महिने उघडं पडून राहिलं आणि एका चांगल्या माणसाची रवानगी राखेच्या खात्यात झाली. चूक माझी होती, शिक्षा त्याला झाली, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'वीजघरातल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती भरपूर आहेत, त्याही सांगतो. पण हे आधी लिहिलं नसतं तर गमती लिहिताना मला माझीच लाज वाटली असती.

मी मूळ कोळशाचा माणूस. घर नागपूरच्या महाल भागात आणि नोकरी शहराबाहेरच्या कोळशाच्या वीजघरात. साठचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा लागलो. कोळशाचं वीजघर म्हणजे काय, हे आमच्या धोब्याला विचारा. तो माझे कपडे दोन बोटांनी उचलायचा आणि इतरांच्या कपड्यांपासून हातभर दूर ठेवायचा. कोळसा दळायचा, बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि उरलेली राख पाण्याबरोबर तलावात लोटायची. असा हा आमचा धंदा. थंड पडलेलं यंत्र पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर अख्खी पाळी त्यात जाई. चटके बसत, शिव्या बसत, आणि मशीन लाइनवर आलं, म्हणजे वीज द्यायला लागलं की सगळ्यांना चहा मिळे.

तिथेच मला सुखदेव गजभिये भेटला. 'भेटला' लिहिलं खरं, पण तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला सुखदेवभाऊ म्हणायचो. हुद्द्याने तो अटेंडंट. म्हणजे आम्ही ऑपरेटर पॅनेलसमोर खुर्चीत बसायचो आणि तो यंत्रांमधून फिरायचा. तेल बघायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, गळती शोधायचा. राहायला नागपूरच्या इंदोरा वस्तीत. छप्पन साली नागपुरात आईवडिलांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याने रात्रशाळेत नाव घातलं आणि तिशीला मॅट्रिक झाला. त्याचं मोठं शस्त्र म्हणजे एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, हे तो मीटरच्या आधी सांगायचा. आमचे एक इंजिनियर त्याला 'डॉक्टर' म्हणत. तो म्हणायचा, "डॉक्टरले फी असते जी. मले तं ओव्हरटाइमबी नाही."

ऐंशी साल उलटल्यावर कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या गॅसवर चालणारी यंत्रं बसली आणि अनुभवी माणसं हवीत म्हणून आम्हा सात नागपूरकरांची तिकडे बदली झाली. मी ऑपरेटर म्हणून गेलो. सुखदेवभाऊ अटेंडंटच होता, पण खात्याची ऑपरेटरची परीक्षा तो पास झाला होता आणि यादीत त्याचं नाव लागलं होतं. पन्नाशीला आलेला माणूस, पण 'वर्षभरात खुर्ची' असं त्याला तोंडी सांगितलं होतं. त्याच आशेवर तो घरदार सोडून आला होता.

पहिल्या दिवशी आम्ही फाटकातून आत शिरलो आणि सगळेच थबकलो. कोळशाचा ढीग नाही, कोळसा वाहणारा पट्टा नाही, आभाळाला टेकलेली चिमणी नाही. मोठ्या खोल्यांएवढ्या चार पेट्या ओळीने मांडलेल्या, भोवती गवत कापलेलं. सुखदेवभाऊने चपलेने जमीन उकरून पाहिली.

"साहेब, हे वीजघर व्हय का दवाखाना? राख कुठी हाय?"

"राख नाही भाऊ इथं."

"मंग एवढे लोकं काम काय करतेत?"

वाचकांपैकी कोणाला यंत्रांचं वावडं असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅस टर्बाइन म्हणजे जमिनीला बोल्टांनी जखडून ठेवलेलं विमानाचं इंजिन. पुढून हवा ओढायची, ती दाबून घट्ट करायची, त्यात गॅस जाळायचा आणि त्या भडक्याच्या जोराने पाती फिरवायची. त्याच दांड्याला वीज करणारा जनरेटर जोडलेला असतो. वाफ नाही, बॉयलर नाही. फोन आला की बटण दाबायचं आणि चहा उकळून कपात येईपर्यंत वीज तयार. गंमत एवढीच की, पाती जेवढी ताकद काढतात त्यातली दोन तृतीयांश पुढची हवा दाबण्यातच खर्च होते. मी हे सुखदेवभाऊला समजावून सांगितलं तेव्हा त्याने बोटांवर हिशेब केला.

"म्हंजे तीन कमावते आन् दोन सोताच खाते."

"हो."

"आन् तरी सगळे म्हंतेत लई हुशार हाय. मायाच साळ्यावानी झालं हे."

आणि खाण्यावरून आठवलं. हवा दाबणाऱ्या भागाच्या पात्यांवर समुद्राचं मीठ आणि धूळ चिकटते. त्याने ताकद कमी होते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की, चालत्या यंत्राच्या तोंडात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा टाकावा, तो मळ घासून काढतो. हा भुगा मागवायची फाइल जी गेली ती गेलीच. पुस्तकात दुसरा पर्याय होता तांदळाचा. आमच्या साहेबांनी पोतंभर कच्च्या तांदळाची मागणी लिहिली. भांडारातला कारकून कागद घेऊन स्वतः आला. "हे यंत्रसामग्रीत दाखवू की उपाहारगृहात?" त्याचा प्रश्न रास्त होता. तीन आठवडे त्यावर पत्रव्यवहार झाला. शेवटी तांदूळ आला तेव्हा पोत्यावर सरकारी अक्षरात लिहिलं होतं, 'खाण्यासाठी नाही'.

पहिल्यांदा तांदूळ टाकला तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला आणि मीटरचा काटा हळूच वर सरकला. फाटकाशी मासळी विकायला बसणाऱ्या बाईपर्यंत ही बातमी दुपारच्या आत पोचली. तिने सुखदेवभाऊला अडवून विचारलं, "तुमचं मशीन भात खातं म्हनं?"

"भात नाही वं माय, कच्चेच खाते. शिजवाले सवड कोणाले हाय?"

त्या बाईचं बोलणं आम्हाला निम्मं समजायचं आणि आमचं तिला तेवढंही नाही. पण मासळी घ्यायला सुखदेवभाऊ गेला की एक नग जास्त यायचा. मग आम्ही सात जण त्या बिचाऱ्या पापलेटाला सावजी मसाल्यात बुडवून त्याची मूळ चव पार घालवून टाकायचो आणि समाधानाने नाक पुसत जेवायचो.

आता त्या आकड्याकडे येतो.

प्रत्येक ऑपरेटरला दर तासाला लॉगशीट भरावी लागते. हा मोठा तक्ता असतो. वरच्या ओळीत तास आणि प्रत्येक तासाच्या रकान्यात खाली यंत्राच्या नाड्या, म्हणजे दाब, तापमान, कंप. त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे धुराचं तापमान. जळून बाहेर पडणारा गरम झोत गोलाकार असतो, आणि त्या गोलात अठरा ठिकाणी तापमान मोजणाऱ्या सळ्या बसवलेल्या होत्या. पॅनेलवर त्यांच्यासाठी मीटर एकच. खालची मूठ एक घर फिरवायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा लिहायचा, मग पुढचं घर. अठरा वेळा. यंत्राची स्वतःची सुरक्षाव्यवस्था सगळ्यांची सरासरी बघायची आणि सरासरी वाढली तरच यंत्र बंद करायची. एखादी सळी एकटीच वेगळं काही सांगत असली तर ते ओळखायचं काम माणसाचं. त्या दिशेच्या ज्वलनकक्षाला, म्हणजे गॅस जळतो त्या पत्र्याच्या डब्याला, तडा गेला असेल, तर ते असंच कळतं.

दिवसातून आठ वेळा अठरा घरं फिरवायची, आणि महिनोन्‌महिने आकडे तेच. त्यातून एक पद्धत रूढ झाली होती. आम्ही तिला 'खुर्चीवरचं रीडिंग' म्हणायचो. पहिली तीन घरं फिरवून बघायची आणि उरलेली पंधरा मागच्या तासाचं बघून लिहायची. हुबेहूब उतरवलं तर पकडले जाल, म्हणून एखाद्याला दोन अंश वाढवायचे, एखाद्याचे तीन कमी करायचे. कोळशाच्या वीजघरातही हे चालायचं. यात मी कलाकार होतो. माझं अक्षर मोत्यासारखं, आकडे एका ओळीत, खाडाखोड कुठे नाही. साहेब नव्या मुलांना माझी शीट दाखवायचे. "लॉगशीट भोयरसारखी भरा," असं सांगायचे.

त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीत, चारांपैकी दोन नंबरच्या यंत्रावर होतो, दुपारी दोनला चढलेलो. साडेतीनच्या सुमाराला नागपूरच्या एका कॉलेजातले विज्ञानाचे प्राध्यापक सहलीने वीजघर बघायला आले. त्यात मला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवलेले सर होते. मी हरखून गेलो. मला समजावून सांगायची हौस मुळातच फार. हे वाचताना तुमच्याही लक्षात आलंच असेल. मी त्यांना सगळं दाखवलं. विमानाचं इंजिन, समुद्रातला गॅस, तांदूळ. तोपर्यंत चार वाजले. लॉगशीट भरायची वेळ झाली. मी पेन काढलं आणि बोलता बोलताच सांगितलं की, दर तासाला हे अठराच्या अठरा आकडे आम्ही एकेक करून बघतो.

सर हसले. "भोयर, तू प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे बनवायचास. इथं चालतं का?"

"इथं बनवले तर यंत्र बोलतं सर," मी म्हणालो. सगळे हसले. तेव्हा माझं पेन सहाव्या की सातव्या बनवलेल्या आकड्यावर होतं.

तेवढ्यात सुखदेवभाऊ आत आला. कपाळावर घाम, हातात पेचकस.

"साहेब, जरा भाईर येता का. दोन नंबर खोकलून राहिली."

पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले. मला ते आवडलं नाही. माझ्या विमानाच्या इंजिनासमोर हा खोकला काढतो म्हणजे काय. मी म्हणालो, "भाऊ, गॅसवरच्या मशीनला सर्दी होत नाही." पुन्हा हशा झाला. माझ्या विनोदाला माझे सर हसले, याचा मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

सुखदेवभाऊ हसला नाही. "तीनदा लावून पायलं जी. पयले असा आवाज नोयता. थांबून थांबून येते."

"पॅनेलवर सगळं बरोबर आहे. येतो पाच मिनिटांत."

मी गेलो नाही. पाहुण्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत सोडलं, परत येऊन पाचचा रकाना त्याच पद्धतीने भरला. पाच वाजून काही मिनिटांनी दोन नंबर थरथरली आणि कंपाच्या अलार्मवर बंद पडली. त्यानंतर जी शांतता झाली ती वीजघरात काम केलेल्यालाच कळेल. आवाज थांबला की तिथे माणसं दचकतात.

यंत्र उघडलं तेव्हा अकराव्या सळीच्या रोखाने असलेला ज्वलनकक्ष फाटलेला निघाला. त्याचा एक तुकडा पुढे जाऊन पात्यांत घुसला होता. कंपनीचा परदेशी इंजिनियर आला. त्याने तड्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाला की, ही कड काळी पडली आहे, म्हणजे तडा जुना दिसतो, काही तासांचा तरी असेल. मग त्याने माझी लॉगशीट मागितली. चार आणि पाचच्या रकान्यांवरून बोट खाली आणलं. अकरा नंबर चांगला, बारा नंबर चांगला. "फार छान ठेवली आहे," तो म्हणाला आणि मान हलवून त्याने आपलं मत बदललं. कागदापुढे लोखंड हरलं.

मग दुसरं कारण शोधणं आलं. समुद्रातल्या गॅसबरोबर पेट्रोलसारखा पातळ द्रव येतो. तो एका टाकीत साठतो आणि अटेंडंटने दर दोन तासांनी खालचा व्हॉल्व्ह उघडून तो काढून टाकायचा असतो, याला ड्रेन काढणं म्हणतात. तो राहिला आणि गॅसबरोबर ज्वलनकक्षात गेला तर एकदम भडका उडून पत्रा फाटतो. दोन नंबरचा अटेंडंट सुखदेव गजभिये होता.

चौकशीत त्याने आपली छोटी वही पुढे केली. प्रत्येक वेळी टाकी रिकामी केल्याची बरोबरची खूण त्यात होती. चौकशी अधिकारी म्हणाले, "खुणा मागाहूनही करता येतात. भोयरांच्या शीटवर अठरा-अठरा आकडे आहेत. आकडे कोण बनवत बसेल?"

सुखदेवभाऊ म्हणाला, "मी भोयर साहेबाइले सांगतलं होतं. आवाज बदलला मनून."

अधिकारी माझ्याकडे वळले. "हा काही बोलला होता?"

मी म्हणालो, "आवाजाबद्दल काहीतरी म्हणाला होता. पण पॅनेलवर सगळं नॉर्मल होतं."

बोललो तेवढंच. यातल्या पहिल्या वाक्यात खोटं काही नाही. म्हणूनच दुसरं खपून गेलं. त्या खोलीत तोलायला दोनच गोष्टी होत्या. एका बाजूला माझ्या अक्षरातला कागद आणि दुसऱ्या बाजूला इंदोऱ्याच्या एका अटेंडंटचा शब्द. कुठलं पारडं जड होणार हे मला आत जाण्याआधी ठाऊक होतं आणि मी ते तसं होऊ दिलं. सुखदेवभाऊने माझ्याकडे पाहिलं, मग आपली वही खिशात ठेवली.

महिन्याभरात त्याची बदली परत नागपूरला झाली, राखेच्या पंपांवर. सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा आला, यादीतून नाव निघालं. तो निघाला त्या दिवशी मी मुद्दाम पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे बसथांब्यावर जायला नको.

त्यानंतर मी पुढची दोन वर्षं अठराच्या अठरा घरं फिरवली. एक तास चुकवला नाही. बरोबरची मुलं म्हणायची, "भोयर साहेबांची प्रदक्षिणा चालू आहे, आता दहा मिनिटं बोलू नका." मला वाटायचं, मी परतफेड करतोय. ती फुकटची परतफेड होती. सुखदेवभाऊला त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

मग माझीही नागपूरला बदली झाली, त्याच जुन्या कोळशाच्या वीजघरात. राखेचं पंपघर टाळायला मी कँटीनला लांबच्या वाटेने जायचो. तिसऱ्याच दिवशी कँटीनच्या रांगेत मागून आवाज आला.

"काय जी साहेब, कधी आले? मच्छी खाऊन फुगले तुमी तं."

त्याच्या दोन्ही हातांत तर्री-पोह्याच्या प्लेटा होत्या. एक त्याने माझ्या हातात दिली. "घ्या. तिकडं तर्री कोण देते?" मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते तर्रीवर खपवलं. त्याने जुनं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. अशी आणखी तीन वर्षं गेली. माणूस रोज एक दिवस लोटू शकतो, असे हजार दिवस लोटता येतात.

मला हलवलं ते एका शब्दाने. वीजघरात जुन्या चुकांना नावं पडतात. एक दिवस आमच्या कंट्रोल रूममध्ये एक तरुण इंजिनियर शिकाऊ ऑपरेटरांना सांगत होता, "पाण्याचे ड्रेन वेळेवर उघडा. नाहीतर मशीनचं गजभिये होईल." पोरं हसली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही? तिकडे गॅसच्या स्टेशनला गजभिये नावाच्या माणसाने ड्रेन न काढता मशीन जाळलं होतं. सगळीकडे असंच म्हणतात आता." खालच्या पंपघरात तो माणूस त्या क्षणी राखेचा पंप लावत होता. दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता, आणि त्याच्यामागे त्याचं नाव इथे या अर्थाने उरणार होतं.

त्या रविवारी मी स्कूटर काढली, संत्राबर्फीचा डबा घेतला आणि इंदोऱ्यात गेलो. सुखदेवभाऊ ओसरीवर टेबलपंखा उघडून बसला होता.

"या जी. बरं झालं आले. हे जाळी धरा जरा."

मी जाळी धरली. दोन्ही हात अडकलेले असताना मी सगळं सांगितलं. खुर्चीवरचं रीडिंग, सर, पंधरा आकडे, चौकशीतलं वाक्य. तो स्क्रू पिळत होता. त्याचा हात थांबला.

"मंग अकरा नंबर किती होता?"

"माहीत नाही भाऊ. पायलाच नाही."

त्याने स्क्रू खाली ठेवला. मग म्हणाला, "मले वाटलं मायाच कान गेला. तुमचा कागद एवढा साफ. मी म्हटलं, पॅनेलवर बरोबर हाय तं मीच चुकलो असन. भास झाला असन. त्या दिसापासून मी पेचकस कानाले लावला नाही, ठाऊक हाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्याची खुर्ची गेली, शेरा आला, एवढं मी मोजून ठेवलं होतं. त्याला स्वतःच्या कानावर विश्वास ठेवता येत नव्हता, हे माझ्या यादीतच नव्हतं.

त्याची बायको शांताबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "पाच वर्ष लागले काय जी बोलाले? घर तं एका बसवर हाय."

"चुकलं वयनी."

"बर्फी ठेवा तिकडं. चाय थंडी होऊन राहिली."

मी सुखदेवभाऊची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. "इथी नोका मागू. इथी आमी दोघंच हाओत, आन् आमाले आता समजलं. ज्याइले मायं नाव घेऊन शिकवून राहिले, त्याइच्यापुढं बोला. पाळी बदलते तवा. मी येतो, मागं उभा राहीन."

पुढचं कागदावरचं आधी उरकतो. मी लेखी कबुली घेऊन मुख्य साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचली. "भोयर, हे लिहिलं नसतंत तर कोणाला कळलं असतं?" मी म्हणालो, "कोणालाच नाही." ते म्हणाले, "आणि आता मी हे कोणत्या फाइलीला लावू? ती तर बंद झाली." पण लावली त्यांनी. मला लेखी ताकीद मिळाली आणि पुढची बढती थांबली. माझ्या मते शिक्षा कमीच झाली. सुखदेवभाऊच्या सेवापुस्तकातला शेरा निघाला. खुर्ची मात्र मिळाली नाही. निवृत्ती जवळ आली आहे, असं कारण दिलं. गेलेली पाच वर्षं परत देणं कोणाच्याच अधिकारात नव्हतं.

मी कबुली दिली त्याच आठवड्यात एका दुपारी दोन वाजता पाळी बदलत होती. जाणारे आणि येणारे मिळून वीसेक जण कंट्रोल रूममध्ये होते. कोणी डबा भरत होता, कोणी सही करत होता. तो तरुण इंजिनियरही होता. सुखदेवभाऊ राखेने माखलेला, दाराजवळ भिंतीला टेकून उभा. टर्बाइन हॉलचं दार त्याने एका हाताने उघडंच धरलं होतं, त्यामुळे आत आवाज भरला होता.

मी टेबलापाशी उभा राहिलो आणि म्हणालो की, एक मिनिट सगळ्यांनी थांबा. गॅसच्या स्टेशनवर दोन नंबरचं मशीन गजभियेंनी जाळलं नाही. त्यांनी ड्रेन वेळेवर काढले होते. मशीन बिघडतंय हे त्यांनी मला तासभर आधी येऊन सांगितलं होतं. मी त्यांना पाहुण्यांसमोर हसलो. आकडे मी न बघता लिहिले. चौकशीत मला विचारलं तेव्हा अर्धं बोललो आणि अर्धं गिळलं.

डबा भरणारा तसाच उभा राहिला. मग मी सुखदेवभाऊकडे वळलो आणि म्हणालो, "भाऊ, माफ करा मले."

"जोरानं बोला जी," तो दारातून म्हणाला. "मागच्याइले ऐकू नाही आलं."

मी घसा साफ केला आणि टर्बाइनच्या वरताण आवाजात पुन्हा म्हणालो, "सुखदेवभाऊ, तुमी बरोबर सांगतलं होतं. चूक मायी होती, आन् मी ते तुमच्यावर ढकलली. मले माफ करा."